वेशीच्या आत : नगरच्या जुन्या वस्तीचा इतिहास

आपल्या जिल्ह्यातील कॅथोलिक कुटुंबांचे नगर शहराशी असलेले नाते बव्हंशी कामापुरते राहिले आहे. राहुरी, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या भागांतील आपली माणसे नगरला जातात ती कोर्टाच्या तारखेला, जिल्हा परिषदेतील कामाला, दवाखान्यात, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. काम उरकले की संध्याकाळच्या एस.टी.ने घर गाठायचे. आपला इतिहास म्हणून जो काही सांगितला जातो तोही खेड्यांचा आहे. केंदळ, वळण, संगमनेर, हरेगाव ही नावे आपल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. मतमाउलीच्या यात्रेला ती सप्टेंबरात दर वर्षी जातात. पण तेलीखुंट, रामचंद्र खुंट, सर्जेपुरा, तोफखाना, झेंडीगेट या नावांत आपलेही काही गुंतले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. आम्हांस हे सांगणे अगत्याचे वाटते, कारण ज्या गल्ल्यांविषयी बोलावयाचे त्या गल्ल्या आमच्या डोळ्यांदेखत बदलत आहेत, आणि काही तर केवळ पत्त्यापुरत्या उरल्या आहेत.

प्रथम नावाविषयी. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातील चोंडी येथे झाला. त्या आधीच्या काळाविषयी लिहिताना आम्ही अहमदनगर हे जुने नाव ठेवले आहे, कारण जुन्या कागदांत तेच आहे. खेड्यातला माणूस मात्र दोन्ही नावांच्या आधीपासून नुसते 'नगर' म्हणत आला आणि अजूनही तसेच म्हणतो. त्याला अनुसरून आम्हीही तसेच म्हणू.

इतिहास सांगण्यापूर्वी एक अवघड प्रश्न समोर ठेवावयास हवा. नगरच्या जुन्या शहराला तट होता, त्याला वेशी होत्या, आणि त्यांतील जे काही शिल्लक आहे ते जपावे असे जाणकार सांगतात. परंतु वेस हा शब्द आपल्या बहुसंख्य कुटुंबांच्या कानांना कसा लागतो? आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा पत्ताच मुळी 'वेशीबाहेर' असा होता. गावाची वेस म्हणजे जिच्या आत सूर्य मावळल्यावर थांबावयाचे नाही अशी जागा. गावकीची कामे वेशीच्या आत करावयाची आणि भाकर वेशीबाहेर खावयाची. ज्यांना वेशीने शतकानुशतके बाहेर ठेवले त्यांनी वेशीचे दगड का म्हणून जपावेत? एका तरुणाने हा प्रश्न आम्हांस विचारला होता. प्रश्न रास्त आहे, आणि 'आपला उज्ज्वल वारसा' असे ठोकळेबाज उत्तर देऊन तो सुटत नाही. उत्तर शोधावयाचे तर त्या वेशीतून आत जाऊन गल्ल्यांचा इतिहास पाहावा लागतो.

निजामशाहीची हकिकत थोडक्यात पुरे. मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी बहामनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला आणि १४९४ च्या सुमारास सीना नदीच्या डाव्या काठी नव्या शहराचा पाया घातला. हे शहर इतक्या वेगाने भरभराटीस आले की इतिहासकार फरिश्त्याने त्याची तुलना बगदाद व कैरोशी केली. फरिश्ता बालपणी याच शहरात वाढला होता, तेव्हा थोडा अभिमान त्याच्या लेखणीत उतरला असेल तर तो समजण्यासारखा आहे. विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली नगरला ओतली गेली. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गोव्याहून येणारा गार्सिया द ओर्ता हा वैद्य या नगरीत येऊन गेलेल्या जुन्या ख्रिस्ती लोकांपैकी एक होय. त्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याचे घराणे मूळचे ज्यू. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या नगरीच्या सुलतानाने त्याला मानाने वागविले, त्या नगरीचा इतिहास सांगताना आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पानही झाकून ठेवू नये असे आम्हांस वाटते.

शहराचा तट हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५५३ ते १५६५ या काळात उभा राहिला असे सांगतात. शहराच्या पूर्वेस थोड्या अंतरावर भुईकोट किल्ला, त्यापलीकडे भिंगार, आणि पश्चिमेस सीना. या चौकटीत पेठा वसल्या. सर्जेखानाच्या नावाने सर्जेपुरा, माळ्यांच्या वस्तीमुळे माळीवाडा. जेथे रस्ते मिळतात त्या जागेला नगरकर 'खुंट' म्हणतात; हा शब्द या शहराची खूण आहे. कापड बाजार, डाळमंडई, आडतेबाजार, मोची गल्ली ही नावे तेथील धंदा सांगतात. साळी, कोष्टी, पुढे पद्मशाली यांच्या मागांचा खडखडाट या शहराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. विशाल गणपतीचे देऊळ माळीवाड्यात आणि बारा इमामांचा कोठला थोड्याच अंतरावर. मोहरमची सवारी पाहण्यास सर्व जातिधर्मांचे लोक लोटत.

पण जुन्या नगरचे खरे वैभव आमच्या मते घुमटांत नसून पाण्यात होते. सीना नदी उन्हाळ्यात कोरडी पडते आणि पाऊस बेभरवशाचा. म्हणून कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांच्या शिवारांतून विहिरींचे व झऱ्यांचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांनी, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले गेले. हेच ते खापरी नळ. चुन्यात बसविलेले हे नळ जमिनीखालून येत आणि गल्लीतील हौदांत पाणी सोडीत. नळ एकाच रेषेत नीट उतरत राहावेत, मध्ये हवा कोंडू नये, गाळ साचला तर तो काढता यावा, याची सोय करणारे कारागीर कोण होते त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. घुमटाखाली निजलेल्याचे नाव राहते. नळ बसविणाऱ्याचे राहत नाही. आज हे नळ सापडतात ते बहुधा पाया खणताना, फुटलेल्या तुकड्यांच्या रूपाने, आणि दुपारपर्यंत ते मातीच्या ट्रॉलीतून निघूनही जातात.

८ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून शहराचा तट एका सकाळीच जिंकला. १२ ऑगस्टला किल्लाही पडला. तटाचे काम त्या दिवशी संपले म्हटले तरी चालेल. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला, किल्ल्यात व भिंगारला छावणी झाली. तट उभा होता, वेशी उघडझाप होत होत्या, पण शत्रू येणार नव्हता. आता या वेशींतून दुसरेच लोक आत येऊ लागले.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्‌ज, हर्वे व रीड हे तिघे नगरला आले. पुढच्याच वर्षी हर्वे पटकीने वारले. १८३३ साली येथे त्यांची पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्यातील आरंभीची माणसे कोण होती हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मिशनने अपंग, आंधळे व निराधार यांच्यासाठी चालविलेल्या आश्रयगृहातील लोक त्यांत होते. ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते, ते शहरातील ख्रिस्ती मंडळीचे पहिले दगड ठरले. १८३९ साली हरि रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. निराधारांच्या बाप्तिस्म्याने एवढी खळबळ उडाली नव्हती, यातच पुष्कळ काही आले.

त्याच १८३९ साली सिंथिया फरार नगरला आल्या. अमेरिकेतून एकट्या आलेल्या या बाईंनी मुंबईत अनेक वर्षे मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. नगरला त्या १८६२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत राहिल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंच्या संस्थेत घेतले. आज महाराष्ट्रात गावोगाव सावित्रीबाईंचे पुतळे आहेत. त्या ज्या गावी शिकवावयास शिकल्या त्या गावात किती जणांना ही गोष्ट ठाऊक आहे, असा प्रश्न कोणी मोठ्याने विचारू नये. उत्तर ऐकून वाईट वाटेल.

जून १८४२ मध्ये याच शहरातून 'ज्ञानोदय' निघू लागले. हेन्री बॅलंटाईन हे त्याचे आरंभीचे संपादक. मराठी नियतकालिकांचे ते शैशव होते, आणि जिल्ह्याच्या गावी एक नियतकालिक चालते ही गोष्टच नवलाची होती. बॅलंटाईन यांनी मराठी गीतेही रचली. पुढे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या चालीवर ख्रिस्तकथा उभी केली. टाळ-वीणा घेऊन येशूचे चरित्र सांगण्याची ही रीत नगरनेच महाराष्ट्राला दिली. आज आपल्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर मराठी भजने म्हणताना आपण ज्यांचे ऋणी असतो त्यांची नावे आपल्या भजनपुस्तकांतूनही गळून गेली आहेत.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि लौकरच ते नगरला आले. येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले, तोवर त्यांच्या आयुष्यातील मोठा काळ या शहराशी बांधला गेला होता. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना नगरच्या मिशनच्या आवारातील तो संसार, ती माणसांची ये-जा, ते हसणे-रुसणे वेगळे सांगावयास नको. बालकवी ठोमरे काही काळ टिळकांच्याच घरी राहिले. म्हणजे मराठी कवितेचे आणि मराठी आत्मचरित्राचे एक लखलखीत पर्व या शहराच्या ख्रिस्ती वस्तीत घडले. परदेशी माणसे कवींची घरे जपून ठेवतात, दारावर पाटी लावतात. आपल्याकडे पाटी लावावयाची तर आधी दार शिल्लक आहे का ते पाहावे लागते.

१८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ मुलांचे लोंढे शहरात आले तेव्हा रॉबर्ट ह्यूम यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना सांभाळले. मुलांना केवळ अन्न देऊन भागत नाही, हातात धंदा द्यावा लागतो, म्हणून उद्योगशाळा चालली. तेथे डी. सी. चर्चिल या मिशनऱ्याने सुधारलेला हातमाग तयार केला. ह्यूम मेमोरियल चर्च, क्लेरा ब्रूस मुलींची शाळा ही नावे या परंपरेतील आहेत. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले, ते याच झाडाला लागलेले फळ.

येथवर वाचून आपल्यापैकी काही जण म्हणतील, हा सारा इतिहास प्रॉटेस्टंट बांधवांचा आहे. आपला त्याच्याशी काय संबंध? हा विचार अनेक वर्षे आपल्या मनांत रुजविला गेला होता, हे मान्य केले पाहिजे. एकाच गावात दोन मिशनांच्या दोन शाळा आणि एकाच भावकीत दोन चर्च अशी स्थिती होती. लग्नाच्या पंगतीतही वाद रंगत. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरील आदेश दिला, आणि त्यानंतरच्या धर्मगुरूंच्या पिढ्या निराळ्या दृष्टीने शिकल्या. परंतु ऐक्य म्हणजे जानेवारीतील एका आठवड्याची एकत्र प्रार्थना एवढेच नसून एकमेकांचा इतिहास आपला मानणे हेही त्यात येते. आणि वस्तुस्थिती अशी की टिळकांच्या ओव्या-अभंग कॅथोलिक आजीच्या ओठांवरही होते. फरारबाईंच्या शाळेने उघडलेल्या दारातून पुढे ज्या मुली गेल्या त्यांत सर्व पंथांच्या होत्या.

शिवाय आपला स्वतःचा धागाही या शहरातून गेलेला आहे. छावणीतील कॅथोलिक सैनिकांसाठी धर्मगुरू येत, आणि तेथून ते खेड्यांकडे वळले. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. जर्मन येशूसंघीयांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे काम उभे केले. १८९२ च्या सुमारास फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी त्यास जोर दिला. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' सुरू केला. १९०७ साली ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना डांबून ठेवण्याची मोठी छावणी होती. ज्या जिल्ह्यात जर्मन धर्मगुरूंनी मराठी शिकून संसार मांडला होता, त्याच जिल्ह्याच्या शहरात जर्मन असणे हा अपराध ठरला. १९१५-१६ मध्ये त्यांच्यापैकी बहुतेकांना मायदेशी धाडण्यात आले. महागुरुस्वामी डोरिंग त्या वेळी युरोपात अडकले, मध्यंतरी जपानात हिरोशिमाला गेले, आणि १९२७ मध्येच पुण्यास परत येऊ शकले. त्यांची जागा घ्यावयास स्वित्झर्लंडचे येशूसंघीय आले. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत झाला तेव्हा आपला जिल्हा पुण्याकडून नाशिककडे आला.

आता वेशीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. खेड्यात ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते त्यांची मुले या शहरात वेशीच्या आत राहू लागली. वसतिगृहात, उद्योगशाळेत, मागावर, छापखान्यात, दवाखान्यात त्यांना जागा मिळाली. हे सारे सोपे झाले असे कोणी समजू नये. शहरालाही आपले पाणवठे आणि आपले सोवळे होते. पण पाटीवर अक्षर काढणारा महार-मांगांचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा यांना एका छपराखाली बसविण्याचा खटाटोप या गल्ल्यांनी पाहिला, तोही एकोणिसाव्या शतकात. वेस जपावयाची ती निजामशहाच्या गौरवासाठी जपा असे आम्ही आपल्या माणसांना सांगणार नाही. ती त्याच्या इतिहासकारांनी जपावी. आपल्यासाठी ती साक्षीदार आहे. आपले कोण, कधी आणि कोणत्या दारातून आत आले हे तिने पाहिले आहे. साक्षीदार पाडून टाकला की दावा उभा करता येत नाही, हे कोर्टाच्या तारखांना जाणाऱ्या आपल्या माणसांना चांगले कळते.

आज परिस्थिती काय आहे? किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे पुष्कळसा टिकला. १९४२ ते १९४५ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृती नेते तेथे बंदिवान होते. नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिला गेला, यामुळेही त्याला मान मिळाला. दमडी मशीद, फराहबाग, सलाबतखानाची कबर (जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात) यांच्यावर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. तटाचा बहुतेक भाग मात्र गेला. दिल्ली दरवाजा व माळीवाडा वेस उभ्या आहेत. झेंडीगेट, मंगलगेट ही नावे पत्त्यात व रिक्षावाल्याच्या तोंडी उरली. उभ्या आहेत त्या वेशींच्या कमानीतून दुचाकी आणि हातगाड्या जातात, आणि वाहतुकीला अडथळा होतो ही तक्रार त्यांच्या वाट्याला नेहमीचीच.

जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात १९०४ पासून आहे. सध्याचा केंद्रीय कायदा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा. २०१० साली केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन संरक्षित वास्तूभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. हेतू उत्तम. परंतु दाट वस्तीच्या जुन्या शहरात शंभर मीटर म्हणजे दोन-तीन गल्ल्या. त्या गल्लीतील गरीब कुटुंबाला नवे बांधकाम करता येत नाही. जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, पण परवानगीचा कागद मिळविणे हे रोजंदारीवरच्या माणसाचे काम नव्हे. मग तो एक तर गुपचूप बांधतो, नाहीतर घर गळू देतो. दोन्हींत वास्तूही जपली जात नाही आणि माणूसही. कायदा कबरीचा विचार करतो, कबरीशेजारी राहणाऱ्याचा करीत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्या वास्तूंवर निळी पाटी नाही, म्हणजे वाडे, शाळा, आड, हौद आणि मिशनचे जुने बंगले, त्यांच्यासाठी हा कायदा नाहीच.

वाडे पडतात ते कोणी पाडले म्हणूनच असे नव्हे. नगरकडची जुनी घरे माळवदाची. भेंड्याच्या वा मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. मृग लागण्यापूर्वी दर वर्षी माळवदावर पांढरी माती टाकून ते चोपावे लागते. पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात, वर उगवलेले रोप मुळासकट काढावे लागते. एक पावसाळा दुर्लक्ष झाले की पाणी तुळईच्या टोकात मुरते, आणि लाकूड आतून कुजते. बाहेरून वर्षे न्‌ वर्षे काही दिसत नाही. त्यात भाडेनियंत्रणामुळे गोठलेले भाडे, आणि चार पिढ्यांच्या वाटण्यांत सात-बाराप्रमाणे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चढलेली पंधरा-वीस नावे. दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा? सर्वांची मालकी असलेल्या घराचा धनी कोणीच नसतो. मग बिल्डर येतो आणि सर्वांचा प्रश्न एका सहीत सोडवितो.

या बाबतीत मुंबईतील आपल्या ईस्ट इंडियन बांधवांकडे पाहण्याजोगे आहे. गिरगावातील खोताची वाडी आणि माझगावातील म्हातारपाखाडी या कॅथोलिक वस्त्या लाकडी सज्जांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहेत. म्हातारपाखाडीतच लोकमान्यांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा जन्मले. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम झाले. देशात तो पहिला प्रयत्न. तरीही खोताच्या वाडीतील घरे एकामागून एक कमी होत गेली, कारण मुले परदेशी गेली आणि जागेचा भाव गगनाला भिडला. जी घरे टिकली ती मुख्यतः तेथे राहणाऱ्यांनी हट्ट धरला म्हणून. क्रूसाभोवती मे महिन्यात जपमाळेला जमणारे शेजारी एकमेकांना ओळखतात, आणि ओळखणारे शेजारी असले की घर विकण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो. नगरच्या गल्ल्यांत असा हट्ट धरणारे थोडे लोक आहेत. सरदार मिरीकरांनी या शहराचा इतिहास मराठीत लिहून ठेवला. शहरात १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. तेथे हजारो जुनी कागदपत्रे आहेत. आपल्या धर्मग्रामांच्या सहली वेरूळला जातात, शिर्डीजवळून जातात. या संग्रहालयात क्वचितच जातात.

दुसऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या अंगणातही पाहावे. जुने चर्च लहान पडते, ही अडचण खरी आहे. परंतु ते पाडून त्या जागी फरशी आणि काचेची इमारत उभारताना जुन्या घंटेचे, लाकडी वेदीचे, कोनशिलेचे काय झाले असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेतच बजावले आहे की पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती विकल्या वा नष्ट होऊ नयेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक ठेव्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. हे दस्तऐवज आपल्या कपाटांत आहेत.

आणि त्याच कपाटांत आपल्याजवळ एक असा ठेवा आहे की ज्याची तोड वाड्याला वा वेशीला नाही. तो म्हणजे धर्मग्रामाची रजिस्टरे. धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवावयाच्या आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपावयाच्या. स्नानसंस्काराच्या नोंदीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, संस्कार देणाऱ्याचे नाव, जन्माची व संस्काराची जागा आणि तारीख लिहितात. आपल्याला हे नेहमीचे वाटते. पण ज्यांची नावे गावच्या दप्तरात फार तर वतनाच्या यादीत येत, त्यांच्या घरातील तान्ह्या मुलीचे नाव, तिच्या आईच्या नावासह आणि तारखेसह, एका बांधीव वहीत लिहिले गेले, तेही शाईने आणि कायमचे. अनेक घराण्यांच्या बाबतीत हा पहिला लेखी पुरावा आहे. कोणते कुटुंब कोणत्या साली कोणत्या खेड्यातून नगरला आले, कोणाच्या शेजारी राहिले, कोणाला धर्मपिता केले, म्हणजे कोणावर विश्वास टाकला, हे सारे त्या रकान्यांतून उलगडते. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत मृत्यूच्या वहीची पाने कशी भराभर उलटतात हे ज्याने पाहिले आहे त्याला इतिहासाचे दुसरे पुस्तक लागत नाही.

या वह्यांनाही माळवदासारखीच निगा लागते. कसर आणि वाळवी हे शत्रू, ओल हा त्याहून मोठा. पाने प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीने जोडू नयेत; ती पिवळी पडून अक्षर घेऊन उखडते. वह्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून दूर, आडव्या ठेवाव्यात आणि पावसाळा संपल्यावर सावलीत वारा द्यावा. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवणे आज अवघड नाही. धर्मग्रामातील दोन तरुण एका उन्हाळ्याच्या सुटीत हे काम पुरे करू शकतात. मात्र त्या नोंदी खाजगी आहेत, म्हणून ती छायाचित्रे धर्मगुरूच्या ताब्यात राहावीत आणि फोनवरून इकडेतिकडे फिरू नयेत.

ज्या कुटुंबांचे वाडवडील नगरच्या जुन्या वस्तीत राहिले, शिकले, मागावर बसले वा छापखान्यात खिळे जुळवीत, त्यांच्याकडे एखादे जुने छायाचित्र, शाळा सोडल्याचा दाखला, भाड्याची पावती, एखादे पत्र नक्की असेल. ते टाकू नये. छायाचित्राच्या पाठीवर हलक्या हाताने, पेन्सिलीने लिहावे : साल, माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, आणि गल्लीचे नाव. गल्लीचे नाव लिहिताना आज तिला काय म्हणतात ते नको; आजी काय म्हणत असे ते लिहावे, आणि जवळचा खुंट कोणता तेही.